गाळा घेण्याआधी दोन दिवस त्याच्यासमोर उभ्या राहा

ताई, स्टेशनरीचं दुकान काढताय, मनापासून आनंद झाला. फक्त गाळ्याची घाई नको. एका बुधवारी शाळा भरताना, आणि त्या बुधवारी व एका रविवारी संध्याकाळी सात ते नऊ, समोर उभ्या राहून वहीत लिहा: किती लोक थांबतात, गाडी कुठे लावतात. माझं कोथरूडचं पहिलं दुकान रस्त्याच्या चुकीच्या बाजूला होतं. घरी परतणारी गर्दी पलीकडूनच निघून जायची, आणि हे मला भाडं सुरू झाल्यावर कळलं.

मग पुण्यातल्या घाऊक बाजारात, रविवार पेठेत, बोहरी आळीत फिरा. तीन-चार ठिकाणचे घाऊक भाव घ्या, न खपलेला माल बदलून देतात का तेही विचारा.

नवे लोक हमखास इथे चुकतात:
- सगळं भांडवल डिपॉझिट आणि फर्निचरमध्ये घालतात. सहा महिन्यांचं भाडं बाजूला ठेवाच.
- पहिल्याच दिवशी दुकान गच्च भरतात.
- ओळखीत उधारी सुरू करतात.

भाडेकरार नोंदवूनच घ्या. मोजकेच कामगार असतील तर शॉप अ‍ॅक्टखाली (दुकानांसाठीचा राज्याचा कायदा) सरकारला ऑनलाइन सूचना दिली की पुरते. माल राज्यातच विकणार असाल, तर वर्षाला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही. ऑनलाइन विक्रीचं नंतर बघू.