पोर्तुगीज चर्चमध्ये पोर्तुगीज काय उरलंय?

प्रश्न : कॉलेजला जाताना रोज बस ‘पोर्तुगीज चर्च’ला थांबते. खिडकीतून बघितलं तर समोर सिमेंटचे वर निमुळते होत गेलेले कसलेतरी आकार, जुनं असं काही दिसतच नाही. मग नाव पोर्तुगीज कसं? आणि ख्रिश्चन नसलेल्याने आत गेलेलं चालतं का? (एक वाचक, प्रभादेवी)

उत्तर : नाव जुनं, इमारत नवी, एवढंच आहे ते. दादरच्या या चर्चचं खरं नाव अवर लेडी ऑफ साल्व्हेशन, जुनी माणसं साल्वासांव म्हणायची. फ्रान्सिस्कन या कॅथलिक संघाच्या पाद्र्यांनी १५९६ साली इथे पहिलं चर्च बांधलं, तेव्हा दादर वगैरे काही नव्हतं, हे म्हणजे खालचं माहीम, आणि बेटं पोर्तुगिजांच्या ताब्यात. पुढे पोर्तुगीज राजकन्या आणि इंग्लंडचा राजा यांच्या १६६१च्या लग्नाच्या तहात मुंबई इंग्रजांना आंदण गेली, १७२० मध्ये इंग्रजांनी त्या फ्रान्सिस्कनांना हाकलून कार्मेलाईट या दुसऱ्या कॅथलिक संघाचे पाद्री आणले, पण लोकांच्या तोंडचं ‘पोर्तुगीज’ काही सुटलं नाही. मुंबईत पाटीवरचं नाव एक आणि कंडक्टर ओरडतो ते दुसरं, हे आपल्याला नवीन नाही.

आताची इमारत १९७४ ते ७७ची, वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांची. तेच ते, नवी मुंबईची कल्पना मांडणाऱ्या तिघांपैकी एक, पणजीची कला अकादमी ज्यांची. मला स्वतःला बाहेरून हे चर्च अजूनही फारसं आवडत नाही, खरं सांगते, पहिल्यांदा बघितलं तेव्हा पाण्याची टाकी वाटली होती. पण आत गेलात की गंमत कळते. एकच मोठा हॉल नाहीच, थोडी छप्पर असलेली जागा, थोडी अर्धवट झाकलेली, मग मध्येच उघडं अंगण, असं एकातून दुसऱ्यात आपण सरकत जातो आणि आत आलो कधी ते नीट कळतच नाही. तुम्हाला दिसतात ते निमुळते आकार म्हणजे काँक्रीटचे शेल, कवचासारखी छपरं. गरम हवा वर चढते आणि तिथून निघून जाते, खाली अंगणातून गार हवा येत राहते, म्हणजे मे महिन्यात मिस्साला, चर्चमधल्या उपासनेला, बसलेल्या माणसाचा विचार आधी केलाय. शेलच्या डोक्यावर काचा आहेत, त्यांवरचं काम मकबूल फिदा हुसेन यांचं. प्रकाश वरूनच झिरपतो, भिंती करड्या आणि साध्या, त्यामुळे मान आपोआप वर जाते.

आणि काळही तसाच होता. १९६२ ते ६५च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या बैठकीनंतर, मिस्सा लॅटिन सोडून लोकांच्या भाषेत व्हायला लागली, फादर वेदीपाशी लोकांकडे तोंड करून उभे राहायला लागले, मग लांबलचक हॉलच्या टोकाला वेदी कशाला हवी? जुनं पाडलं याचं वाईट वाटणारे असतीलच, मलाही जुनं काही गेलं की चुटपुट लागते. पण खोटी पोर्तुगीज कमान लावून नवं बांधलं असतं तर जास्त वाईट दिसलं असतं.

आत जायला काही हरकत नाही हो. मिस्सा चालू नसताना जा, चालू असेलच तर मागे शांत बसा, मोबाईल सायलेंटवर, आणि ख्रिस्तप्रसादाच्या, म्हणजे मिस्सात वाटतात त्या पवित्र भाकरीच्या, रांगेत मात्र उभं राहू नका, तो कॅथलिकांसाठी असतो. जायचंच तर दुपारी जा, ऊन डोक्यावर असताना त्या काचा बघायच्या.