मॉक्सी कुठे वापरायचं

अरे "ही इज मॉक्सी" असं नको लिहूस, मॉक्सी हे इंग्रजीतलं नाम आहे, म्हणजे धडाडी, हिंमत, "शी हॅज गॉट मॉक्सी" असं म्हणतात. नुसता दणकटपणा नाही हां त्यात, थोडा आगाऊपणा पण लागतो, म्हणजे नवीन लागलेली पोरगी पहिल्याच मीटिंगला बॉसला तोंडावर सांगते की हे चुकतंय, ती मॉक्सी. मुकाट सोसत चिकटून राहणाऱ्याला ग्रिट म्हण. शब्द मूळ अमेरिकन, एका पेयाच्या नावावरून आलेला, ऑगस्टिन थॉम्प्सन नावाच्या डॉक्टरने तिथल्या लोवेल शहरात मॉक्सी नर्व्ह फूड म्हणून औषध काढलं, १८८४ च्या सुमारास त्याचा सोडा झाला, जेन्शन नावाच्या वनस्पतीच्या मुळीने कडूजहर लागतो पण मेन राज्यात अजून आवडीने पितात (काय आवडतं देव जाणे). शब्द जरा जुन्या वळणाचा आहे, गप्पांत चालेल, आयेल्ट्सच्या (इंग्रजीच्या परीक्षेच्या) निबंधात नको, आणि स्वतःबद्दल तर अजिबातच नको, फुशारकी वाटते.