शेत विकलं, जीप नाही

प्रश्न: आजोबांनी महूच्या लष्करी लिलावातून घेतलेली विलीज जीप सांवेरजवळच्या आमच्या शेतावर, गोठ्यामागच्या छपरीत उभी आहे. आजोबा 1984 मध्ये गेले. 1996 च्या वाटणीत शेत काकांकडे आलं आणि रामबागेतलं घर बाबांकडे. सव्वादोन वर्षांपूर्वी काकांनी आम्हाला न विचारता शेत विकलं. आता विकत घेणारा म्हणतो, शेतावरचं सगळं माझं, गाडी हवी तर दोन लाख द्या. जीपचं इंजिन फार पूर्वी काढून विहिरीवर बसवलं होतं. बाबा आता नाहीत. काकांशी आमचं बोलणं नाही. क्रेन नेऊन जीप उचलून आणली तर चालेल का? मला ती पुन्हा चालती करायची आहे.
— एक वाचक, इंदूर

उत्तर:

आधी क्रेनचं बोलू. अजिबात नको. जीप तुमचीच आहे असं घटकाभर धरलं, तरी शेत आता दुसऱ्याचं आहे. परवानगीशिवाय आत शिरलात तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 329 खाली अतिक्रमणाची आणि वर चोरीचीही फिर्याद होऊ शकते. माझ्या एका अशिलाने भावाच्या शेतावरून स्वतःचा ट्रॅक्टर असाच रात्री आणला होता. ट्रॅक्टर जप्त झाला आणि ठाण्याच्या आवारात तीन पावसाळे भिजला. तुमची जीप निदान छपरीखाली तरी आहे.

तुमच्या पत्रातली दोन पानं काकांवरच्या रागाची आहेत आणि अर्धं पान जीपचं. मला मात्र या प्रकरणात सगळ्यात मोलाचा माणूस तोच दिसतो, ज्याच्याशी तुम्ही बोलत नाही.

तुम्ही रजिस्ट्रीची प्रत पाठवलीत ते बरं केलं. (महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी: तिकडे खरेदीखत म्हणतात ते आमच्याकडे रजिस्ट्री.) तीत खसरा (म्हणजे जमिनीचे सर्व्हे) नंबर आहेत, चौहद्दी आहे, विहीर, गोठा आणि 6 आंब्याची झाडं आहेत. जीप कुठेच नाही. जमीन विकली की तिला कायमच्या जोडलेल्या गोष्टी तिच्याबरोबर जातात, असं ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी अ‍ॅक्टचं कलम 8 सांगतं. चाकांवर उभी असलेली गाडी त्यात येत नाही, मग टायर मातीत रुतलेले असोत की नसोत. तेव्हा ‘शेतावरचं सगळं’ हे निव्वळ रजिस्ट्रीच्या जोरावर टिकणारं नाही.

पण समोरचा वकील जरा हुशार असेल तर तो रजिस्ट्रीकडे वळणारच नाही. तो सेल ऑफ गुड्स अ‍ॅक्टचं कलम 28 काढेल. एखादी वस्तू अनेकांच्या मालकीची आहे, बाकीच्यांच्या संमतीने ती एकाच्याच ताब्यात आहे आणि त्याने ती एखाद्याला विकली. घेणाऱ्याने प्रामाणिकपणे घेतली असेल, आणि विकणाऱ्याला तसा अधिकार नाही हे त्याला तेव्हा ठाऊक नसेल, तर वस्तू घेणाऱ्याची होते. काका सहमालक, जीप त्यांच्या ताब्यात, तुम्हा कोणाची कधी हरकत नाही. हे वर्णन तुमच्या घराला किती चपखल बसतं ते पाहा. ‘रजिस्ट्रीच्या दिवशी काका म्हणाले होते, ते भंगारही घेऊन टाका’ एवढं समोरच्याने शपथेवर सांगितलं आणि काका गप्प राहिले, तर तुमचा दावा निम्मा खचला.

हेच काकांनी शपथपत्रावर लिहून दिलं, की मी फक्त जमीन विकली, जीपचा सौदा झाला नाही, तिचा एक रुपया घेतला नाही आणि ट्रान्सफरच्या कुठल्याही फॉर्मवर सही केली नाही, तर समोरच्याकडे सांगायला फारसं काही उरत नाही.

आता तुमच्या वाटणीपत्रातली ती ओळ, जी तुम्ही पत्रात घाईघाईने मागे टाकलीत: ‘शेतीची अवजारे व जनावरे थोरल्याकडे.’ जीप हे अवजार आहे का? तुम्ही पाठवलेल्या फोटोत लहानपणी तुम्ही बॉनेटवर बसलेले दिसता आणि मागे नांगर नाही, राजवाडा आहे. ही घरची गाडी होती असं त्यावरून म्हणता येईल. न्यायाधीश उलटंही म्हणू शकतात. तसं झालं तर जीप एकट्या काकांची ठरते, आणि काकांनी ती विकलेली नसेल तर ती मागण्याचा हक्कही त्यांचाच. म्हणजे वाटणीपत्र कसंही वाचा, वाट काकांच्याच दारावरून जाते. दाव्यात त्यांना साक्षीदार न करता तुमच्या बाजूने वादीच करा. मग ही फट आपोआप बुजते.

आणि आत्या. तुमच्या पत्राच्या शेवटी ‘आत्या ग्वाल्हेरला असते’ एवढंच तिच्याविषयी आहे. आजोबांनी जीप स्वतःच्या पैशाने घेतली आणि मृत्युपत्र केलं नाही, तर हिंदू उत्तराधिकार अधिनियमाप्रमाणे मुलीचा वाटा मुलाइतकाच. वाटणीपत्रावर तिची सही दिसत नाही. आत्याला आजच फोन करा, आणि तो फक्त सहीसाठी आहे असं वाटू देऊ नका.

मुदतीचं थोडक्यात सांगते, पण इथे ढिलाई नको. जंगम वस्तू परत मिळवण्याच्या दाव्याला लिमिटेशन अ‍ॅक्टमध्ये 3 वर्षं आहेत. ती कधीपासून मोजायची यावर वाद होतो: वस्तू कोणाकडे आहे हे कळल्यापासून, की मागितल्यावर नकार मिळाल्यापासून. तुम्ही सगळ्यात वाईट तारीख धरा, म्हणजे रजिस्ट्रीची. त्या हिशेबाने हातात 9 महिने आहेत. 3 वर्षं उलटली तर कलम 27 प्रमाणे हक्कच बुडतो.

तेव्हा आधी वकिलामार्फत नोटीस, स्पीड पोस्टाने. जीप परत मागायची, ती भंगारात विकू नये किंवा मोडू नये हे स्पष्ट लिहायचं. नकार आला, की सांवेरच्या दिवाणी न्यायालयात स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टच्या कलम 7 आणि 8 खाली दावा. कलम 8 चा फायदा असा, की पैशाने भरून न निघणारी वस्तू म्हणून मागितली तर ती तशीच आहे असं न्यायालय आधी गृहीत धरतं. उलट सिद्ध करायचं ओझं समोरच्यावर. दाव्याबरोबरच मनाईहुकमाचा अर्ज करा आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 39 नियम 7 खाली जीपची पाहणी व जपणूक मागा. पोलिसांकडे गेलात तर ‘दीवानी मामला है’ हे उत्तर मिळेल, आणि या प्रकरणात ते फारसं चुकीचंही नाही.

शेत घेणाऱ्या गृहस्थांनी तुम्हाला पाठवलेला आवाजी मेसेज पुसू नका: ‘दादाजी की गाड़ी है, मालूम है मुझे, पर फ्री में नहीं दूँगा.’ कलम 28 मधल्या ‘ठाऊक नव्हतं’ या बचावाला तो चांगलाच टोचतो. ज्या फोनवर आला तो फोन सांभाळा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडावं लागेल.

इंजिनाचं प्रकरण वेगळं आहे आणि तिथे तुमची बाजू लंगडी आहे. विहिरीच्या काठावर सिमेंटचा ओटा, त्यात चार बोल्ट आणि त्यावर इंजिन. हे जमिनीला जोडलेलं झालं का? किती घट्ट बसवलं आणि कशासाठी बसवलं, या दोन्ही गोष्टी न्यायालय पाहतं. डंकन्स इंडस्ट्रीजच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने खत कारखान्याची यंत्रं याच कसोटीवर स्थावर ठरवली. तुमच्या बाजूने एवढंच, की विहिरीवर विजेची मोटर येऊन बरीच वर्षं झाली आणि इंजिन नुसतं गंजत पडलंय. विहिरीला त्याचा उपयोग उरलेला नाही. तरी तडजोड करायची वेळ आली तर ती इंजिनावर करा, गाडीवर नको. काही हजार देऊन इंजिन सुटत असेल तर द्या, पण पावतीवर ‘काढण्या-हलवण्याचा खर्च’ असं लिहून घ्या. ‘किंमत’ हा शब्द आला की मालकी त्यांची होती असं तुम्हीच कबूल केलंत.

इंजिनासाठी एवढा आग्रह का, ते सांगते. 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आली. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटलेली, मूळ रूपात राखलेली, चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार न केलेली गाडी तिथे बसते. मेकॅनिक सर्रास सुचवतात तसं दुसरं डिझेल इंजिन बसवलंत तर हा रस्ता अडखळणार. नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, नंबर व्हीए मालिकेतला. या नंबरावर रोज भाजी आणायला जाता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन, देखभाल अशा कामांपुरतीच गाडी रस्त्यावर.

उंदरांनी कुरतडलेलं आरसी बुक लॅमिनेट करू नका, प्लास्टिकच्या पाकिटात तसंच ठेवा. जीप ताब्यात आली की वायर ब्रश लावण्याआधी चेसिस नंबरचे फोटो काढा आणि पेन्सिलने कागदावर ठसा घ्या. गॅरेजवाल्याने उत्साहात नंबर घासून टाकला तर आरटीओत ती गाडी कोणाचीच नाही.

रविवारी काकांकडे जा. शपथपत्राचा मसुदा पहिल्या भेटीत नेऊ नका. तो फोटो न्या, बॉनेटवरचा. गाडी चालवायला त्यांना कोणी शिकवलं, ते विचारा.