‘ययाति’ वाचून झाली, पण पात्रांवर लिहायचं काय?

तुम्ही विचारलंय की वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ दोनदा वाचली, तरी पात्रांचं विश्लेषण लिहायला बसलं की कागदावर गोष्टच उतरते, तर काय करावं?

माझंही हेच व्हायचं. कॉलेजात असताना मी झोकात लिहिलं होतं, ‘देवयानी अहंकारी, शर्मिष्ठा त्यागी, कच संयमी.’ मॅडमनी समासात लाल शाईनं एवढंच विचारलं, ‘असं कोण म्हणतं?’ मार्क गेले, पण तेव्हापासून कादंबरी हातात घेतली की आधी हेच बघतो.

‘ययाति’ला (१९५९) तर हा प्रश्न चपखल बसतो, कारण ती तिघंजण सांगतात: ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा. पेन्सिल घ्या आणि प्रत्येक मतापुढं ते कुणाचं आहे ते लिहीत जा. देवयानीचा गर्व शर्मिष्ठा सांगते तेव्हा एक राजकन्या देवयानीचीच दासी होऊन बोलत असते, हे विसरायचं नाही. तोच गर्व देवयानीच्या भागात वाचा. कचानं नाकारलेल्या मुलीची ठसठस त्याखाली लागते. आता ‘अहंकारी’ एवढा एक शब्द पुरेल का?

उलट कचाला स्वतःचा एकही भाग नाही. तो कायम दुसऱ्यांच्या नजरेतून दिसतो, म्हणून इतका निर्मळ. (मला तो माणूस कमी आणि खांडेकरांचा वकील जास्त वाटतो. परीक्षेत हे जरा सौम्य शब्दांत लिहा!)

आशयसूत्रासाठी मूळ कथा शेजारी ठेवा. महाभारताच्या आदिपर्वात ययाति आपल्या मुलाचं, पुरूचं, तारुण्य घेऊन हजार वर्षं भोग घेतो आणि मग म्हणतो की उपभोगानं वासना शमत नाही, तूप ओतलेल्या अग्नीसारखी वाढतच जाते. खांडेकरांनी ती हजार वर्षंच काढून टाकली. त्यांच्या ययातीला पश्चात्ताप फार लवकर होतो. आणि मूळ कथेत देवयानीला सोडून गेलेला कच पुन्हा येत नाही, त्याला त्यांनी परत आणलं. लेखकानं काय गाळलं, काय घातलं, यातच त्याला काय म्हणायचंय ते सापडतं. ‘भोग विरुद्ध संयम’ हे सगळेच लिहितात. तुम्ही या दोन बदलांवरून तिथं पोचा.

वेळ असेल तर गिरीश कर्नाडांचं ‘ययाति’ (१९६१, मूळ कन्नड) हे नाटकही वाचा. त्यात पुरूला बायको आहे, चित्रलेखा. नवरा एकाएकी म्हातारा झाल्यावर ती थेट सासऱ्यालाच जाब विचारते. मग खांडेकरांकडे परत या आणि बघा: ज्यानं स्वतःचं तारुण्य देऊन टाकलं, त्या पुरूलाही तिथं स्वतःच्या तोंडानं सांगायला एक प्रकरण मिळालेलं नाही. मी तुमच्या जागी असतो तर उत्तराची सुरुवात तिथून केली असती.