गाड्या बघायला रेडिओ स्कॅनर घेतलास ना, मग आता डिटेक्टर ऐकायला शीक

अरे पेन्सिल्व्हेनियात राहतोयस म्हणजे तुझी चंगळ आहे. आधी अ‍ॅपच्या नादी लागू नको, रेल्वेचे चॅनल 160 ते 161 मेगाहर्ट्झच्या आसपास असतात ते लाव आणि डिटेक्टर, म्हणजे गाडी तपासून रेडिओवर आपोआप बोलणारं रुळालगतचं यंत्र, बोलायची वाट बघ. मालगाडी वरून गेली की तो रेल्वेचं नाव, माइलपोस्ट (मैलाच्या खुणेचा नंबर), ट्रॅक सांगतो, मग 'नो डिफेक्ट्स' (बिघाड नाही) आणि बहुतेक वेळा एकूण अ‍ॅक्सल, म्हणजे चाकांच्या जोड्या. एका डब्याला साधारण चार अ‍ॅक्सल, म्हणजे भागाकार केलास की गाडी केवढी ते कळलं, आणि माइलपोस्टवरून तुझ्याकडे यायला किती वेळ तेही.

काम मात्र त्याचं गंभीर आहे हां. रुळालगतचे इन्फ्रारेड सेन्सर चाकांच्या बेअरिंगची उष्णता मोजतात. 2023 ला ओहायोतल्या ईस्ट पॅलेस्टाइन गावात मालगाडी घसरली तेव्हा एकच बेअरिंग ओळीने तीन डिटेक्टरवर हवेपेक्षा 38, 103 आणि 253 फॅरनहाइट जास्त गरम दिसलं, पण शेवटच्या दोघांत जवळपास 20 मैल अंतर, अलार्म वाजेपर्यंत उशीर झाला होता.

जुने सिग्नल टॉवर बघायचे तर हॅरिसबर्गचा हॅरिस टॉवर, म्युझियम केलाय, सिग्नल आणि सांधे बदलायची जुनी लिव्हर मशीन आतून बघता येते, उघडा कधी असतो ते आधी विचारून जा. अल्टूनाचा आल्टो टॉवर 2012 ला बंद झाला, आता सगळं लांबून डिस्पॅचर चालवतो. आणि रुळाजवळ घुसू नको बाबा, ती खाजगी जागा आहे, पोलीस खरंच येतात.