महाग पेट्रोल टाकलं की पिकअप वाढतो का? ईसीयू आणि ऑक्टेनवरचे प्रश्न

यावेळी रिमॅप (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं, म्हणजे ईसीयूचं, सॉफ्टवेअर बदलणं) आणि ऑक्टेनवरचेच प्रश्न इतके आलेत की टायर-बॅटरीवाल्यांना पुढच्या अंकापर्यंत थांबावं लागणार, राग मानू नका.

प्रश्न: माझी गाडी साधी पेट्रोल, टर्बो वगैरे काही नाही. टाकीच्या फ्लॅपवर आतून ९१ रॉन (ऑक्टेनचा आकडा) लिहिलंय. ऑफिसातला मित्र म्हणतो ९७-९८ वालं टाक, इंजिन मोकळं होतं, पिकअप वाढतो. टाकून बघितलं, गाडी जरा स्मूथ वाटली. पण खरंच फरक आहे की जास्त पैसे गेले म्हणून मीच मनाची समजूत घालतोय?

उत्तर: बहुतेक समजूतच. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद असं सगळ्यांच्या डोक्यात बसलंय आणि जाहिराती ते तसंच राहू देतात. ऑक्टेनचा आकडा फक्त एवढंच सांगतो की दाब आणि उष्णता वाढली तरी ते पेट्रोल आपोआप पेटायचं किती टाळतं. सिलेंडरमध्ये काय होतं बघा, प्लग ठिणगी टाकतो, ज्योत एका बाजूने पसरत जाते, आणि लांबच्या कोपऱ्यातलं मिश्रण तोपर्यंत दाबलं जाऊन इतकं तापतं की ज्योत पोचायच्या आधी ते स्वतःच भडकतं. तो जो खडखड किंवा टकटक आवाज येतो ते नॉकिंग. आकड्याची पट्टी पण सोपी आहे, आयसोऑक्टेन या द्रवाला १०० दिले, एन-हेप्टेनला ०, आणि टेस्ट इंजिनमध्ये ज्या पेट्रोलचं वागणं ९५ टक्के आयसोऑक्टेन आणि ५ टक्के हेप्टेनच्या मिश्रणासारखं, ते ९५. यात ऊर्जेचा कुठे उल्लेख आहे का? नाही.

तुमचं इंजिन ९१ वर नॉक करत नसेल तर ९८ टाकून ईसीयूला करायला काही उरतच नाही, कारण त्याच्या मॅपमध्ये, म्हणजे आतल्या आकड्यांच्या तक्त्यात, टायमिंग (ठिणगी किती आधी टाकायची ते) जिथपर्यंत लिहिलंय तिथे ते आधीच पोचलेलं असतं. अपवाद असा की मॅन्युअलमध्ये "कमीत कमी ९१, शिफारस ९५" असं काही लिहिलेलं असतं, अशा इंजिनात मात्र ईसीयू चांगलं पेट्रोल बघून टायमिंग पुढे घेतो आणि चढावर, उन्हात, गाडी भरलेली असताना थोडा फरक खरंच कळतो. म्हणून मित्राला विचारण्याआधी फ्लॅप आणि मॅन्युअल दोन्ही वाचा.

आणि परदेशी व्हिडिओ बघून आकडे जुळवत बसू नका. अमेरिकेत पंपावर रॉन आणि मॉन या दोन टेस्टची सरासरी लिहितात, त्यामुळे युरोपातलं ९५ तिकडे साधारण ९१ म्हणून दिसतं. पेट्रोल तेच, नुसती पाटी वेगळी.

प्रश्न: टर्बो पेट्रोल गाडी आहे, ट्यूनर म्हणतो स्टेज १ ने २५-३० टक्के पॉवर वाढेल, फक्त सॉफ्टवेअर, काही उघडायचं नाही. हे शक्य आहे का आणि इंजिनाची वाट लागेल का?

उत्तर: शक्य आहे, टर्बोवर २०-३० टक्के हे काही फेकाफेकीचं नाही. टर्बोचा बूस्ट (हवा किती दाबाने आत कोंबायची ते) किती ठेवायचा ते ईसीयूच ठरवतो, आणि कंपनी तो मुद्दाम कमी ठेवते, कारण तीच गाडी कुणीतरी भर उन्हात, भंगार पेट्रोलवर, सर्व्हिस चुकवून पळवणार हे त्यांना माहीत असतं. शिवाय एमिशन, गिअरबॉक्सची मर्यादा, वॉरंटी, आणि बऱ्याचदा तेच इंजिन महागड्या मॉडेलमध्ये जास्त पॉवरने विकायचं असतं. ट्यूनर ही राखून ठेवलेली शिल्लक खर्च करतो, बाकी जादू काही नाही. (बिना-टर्बो गाडीत ही शिल्लकच नसते, तिथे फारतर पाचेक टक्के मिळतात आणि बाकी सगळं ॲक्सिलरेटरचं पॅडल मॅप बदलल्यामुळे "जिवंत" वाटतं, घोडे जवळपास तेवढेच राहतात.)

आता ऑक्टेन इथे खरं कामाला येतं. बूस्ट वाढला की सिलेंडरमधला दाब आणि तापमान वाढलं, म्हणजे नॉक जवळ आला. म्हणून ट्यूनरला पहिला प्रश्न हाच विचारा की हा मॅप कुठल्या पेट्रोलसाठी लिहिलाय. ९८ चा मॅप घेतला आणि तुमच्या रोजच्या रस्त्यावर ९५ च मिळतं, तर तो मॅप तुमच्यासाठी नाही, कितीही स्वस्तात देत असला तरी.

दुसरं, डायनोचा (गाडी रोलरवर पळवून पॉवर मोजायच्या यंत्राचा) ग्राफ दाखवला की खूष होऊ नका, लॉग मागा, म्हणजे गाडी पळताना ईसीयूमधून नोंदवलेले आकडे. तिसऱ्या गिअरला साधारण २००० आरपीएमपासून रेडलाईनपर्यंत फुल थ्रॉटल, आणि त्यात मागितलेला बूस्ट, मिळालेला बूस्ट, आत येणाऱ्या हवेचं तापमान, लॅम्बडा (हवा आणि पेट्रोलचं प्रमाण), फ्युएल रेलचा (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीचा) दाब आणि प्रत्येक सिलेंडरचं टायमिंग किती मागे ओढलं गेलं ते हवं. एखाद्या सिलेंडरवर मधूनच एक-दोन डिग्री मागे गेलं तर चालतं. चारही सिलेंडरवर पाच-सहा डिग्री दिसत असतील तर मॅप पेट्रोलच्या कुवतीबाहेर मागतोय, ट्यूनर कितीही "नॉर्मल आहे सर" म्हणाला तरी. आणि हो, पहिला रन नाही, लागोपाठ चौथा-पाचवा रन बघा, कारण इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारा रेडिएटर) तापल्यावरच खरं चित्र कळतं.

इंजिनाची वाट बहुतेक वेळा वरच्या आरपीएमला लागत नाही, खालीच लागते. डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलेंडरमध्ये उडवणाऱ्या) टर्बो इंजिनात वरच्या गिअरला १५००-२००० आरपीएमवर पाय दाबून धरला की ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटायचा प्रकार होतो, त्याला एलएसपीआय म्हणतात, आणि त्यात पिस्टनच्या रिंगच्या कडा सरळ तुटतात. २०२० मध्ये आलेल्या एपीआय एसपी (डब्यावर लिहिलेला ऑइलचा दर्जा) ऑइलमध्ये याचा विचार केलाय, तर तुमच्या मॅन्युअलमध्ये बसत असेल तर तेच घाला आणि जोर हवा असेल तेव्हा गिअर खाली टाका. क्लच जुना असेल तर रिमॅपनंतर तोच पहिला हात वर करेल, आरपीएम चढतो पण गाडी पुढे जात नाही असं वाटलं की समजा. मूळ फाइलची कॉपी स्वतःकडे घ्या. वॉरंटी असेल तर ईसीयू किती वेळा फ्लॅश झालाय (त्यात सॉफ्टवेअर नव्याने लिहिलंय) ते बऱ्याच गाड्यांत दिसतं, परत स्टॉक, म्हणजे कंपनीचा मूळ मॅप, केला म्हणजे कुणाला कळणार नाही हे डोक्यातून काढा, आणि इन्शुरन्सवाल्यांना आधी कळवा.

प्रश्न: ९८ च्या मॅपवर आहे आणि प्रवासात ९१ च मिळालं तर?

उत्तर: टाका, रस्त्यात अडकण्यापेक्षा बरं, पण पाय हलका ठेवा. नॉक सेन्सर आहे म्हणून निवांत राहू नका, तो ब्लॉकला बोल्टने बसवलेला एक प्रकारचा कान आहे, नॉक झाल्यावर ऐकतो, आधी नाही. टाकी अर्धी असेल तर पुढच्या पंपावर ९८ भरा, मिश्रणाचा आकडा साधारण मधे येतो, म्हणजे अर्धं ९१ आणि अर्धं ९८ असेल तर ९४-९५ च्या आसपास.

प्रश्न: ऑक्टेन बूस्टरची बाटली? "१० पॉइंट वाढतात" लिहिलंय.

उत्तर: बाटलीवरचा पॉइंट म्हणजे बऱ्याचदा ०.१, म्हणजे १० पॉइंटने ९१ चं ९२. बऱ्याच बाटल्यांत मँगनीजवालं एमएमटी असतं, प्लगवर विटकरी थर चढतो आणि कॅटलिटिक कन्व्हर्टरलाही ते मानवत नाही. शिसं घालून ऑक्टेन वाढवायची युक्ती १९२१ मध्ये जनरल मोटर्सच्या थॉमस मिजली यांनी शोधली आणि पंपावरून ते शेवटचं गेलं २०२१ मध्ये, अल्जेरियात. शंभर वर्षं सगळ्यांनी तो धूर खाल्ला, तेव्हा बाटलीतल्या शॉर्टकटबद्दल मी जरा खडूसच आहे.

प्रश्न: ओबीडी सॉकेटमध्ये (गॅरेजवाले स्कॅनर लावतात त्यात) लावायचा छोटा चिप मिळतो, त्याने पॉवर आणि ॲव्हरेज दोन्ही वाढतं म्हणे.

उत्तर: असे चिप लोक उघडून बघतात तेव्हा आत नुसते एलईडी मिचमिचतात. खरा फ्लॅश त्याच सॉकेटमधून होतो, पण त्याला लॅपटॉप लागतो, बॅटरीला चार्जर लावून ठेवावा लागतो, आणि मधेच लाईट गेली तर ईसीयू मरू शकतो.

प्रश्न: माझी डिझेल आहे, प्रीमियम डिझेलमध्ये ऑक्टेन किती असतं?

उत्तर: डिझेलला ऑक्टेन बघतच नाहीत, तिथे सीटेन बघतात, आणि ते बरोबर उलटं आहे, डिझेल जितकं पटकन आपोआप पेटेल तितकं चांगलं. रिमॅप डिझेल टर्बोलाही छान बसतो. फक्त मागून काळा धूर यायला लागला तर परत ट्यूनरकडे न्या, आणि त्याने "डीपीएफच (धुराची काजळी अडवणारा फिल्टर) काढून टाकू" असा उपाय सांगितला तर दुसरा ट्यूनर शोधा.