लसीचे डोस संपले, आता कॅन्सर परत येईल का?

प्रश्न: माझा मोठा भाऊ न्यू जर्सीला असतो. त्याला स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला, ऑपरेशन झालं, मग ट्रायलमधून त्याच्याच गाठीवरून बनवलेली लस मिळाली, केमोपण झाली. स्कॅन क्लीन आहे पण डोस संपलेत. वहिनी म्हणते जास्तीचे बनवून ठेवायला हवे होते, दरवर्षी एक घेता आला असता. मागितले तर मिळतील का? (वाचक भगिनी, नाशिक)

उत्तर: ताई, वहिनींची घालमेल अगदी कळते, इतके महिने सतत हॉस्पिटलच्या फेऱ्या आणि मग एकदम "आता स्कॅनलाच या" म्हणतात, तेव्हा माणूस धास्तावतोच. पण ही लस बीपीच्या गोळीसारखी रोज चालू ठेवायची नसते हो. तिचं काम एकच, शरीरातल्या टी-पेशींना (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ती गाठ ओळखायला शिकवायचं, आणि शिकलेल्या पेशी डोस संपल्यावरही राहतात.

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर हॉस्पिटलमध्ये डॉ. विनोद बालचंद्रन यांच्या टीमने स्वादुपिंडाच्याच 16 पेशंटना अशी लस दिली, काढलेल्या गाठीचा नमुना जर्मनीत बायोएनटेक या लस कंपनीकडे जायचा, तिथे त्यातली जास्तीत जास्त 20 म्युटेशन्स (गाठीच्या जनुकांतले बदल) निवडून फक्त त्या पेशंटपुरती लस बनायची. आधी आठ डोस, मग केमो, शेवटी एक बूस्टर, बस. 16पैकी 8 जणांच्या टी-पेशी जाग्या झाल्या. तीनेक वर्षांनी पाहिलं तर या 8पैकी 2 जणांचा कॅन्सर परत आला होता आणि उरलेल्या 8पैकी 7 जणांचा. 2025मध्ये छापलेल्या त्यांच्या पेपरात या टी-पेशींचं सरासरी आयुष्य 7.7 वर्षं असेल असा अंदाज दिलाय. माणसं फार थोडी आहेत, त्यामुळे याला गॅरंटी समजू नका, पण डोस संपले म्हणजे संरक्षण संपलं ही भीती मात्र मनातून काढा.

जास्तीचे डोस ट्रायलमध्ये मागून मिळत नाहीत, किती आणि कधी द्यायचे ते आधीच ठरलेलं असतं, डॉक्टरांनाही ते परस्पर वाढवता येत नाही. आणि समजा मिळाले तरी, कॅन्सर परत येतो तेव्हा गाठ बदललेली असू शकते, मग जुन्या गाठीवरून बनवलेला साठा फ्रीजरमध्ये असून काय उपयोग, तेव्हा नवी बायॉप्सी आणि नवीन तपासणीच लागते.

त्यापेक्षा भावाला सांगा, पॅथॉलॉजीत आपल्या गाठीचे मेणातले ब्लॉक (मेणात जपून ठेवलेले तुकडे) अजून शिल्लक आहेत का आणि किती वर्षं ठेवणार हे विचारून घे, ट्रायलचा सगळा रिपोर्ट, विशेषतः टी-पेशींचा प्रतिसाद मोजला असेल आणि सांगत असतील तर तो, फाइलला लाव. स्कॅन आणि सीए 19-9 या रक्ततपासणीची तारीख एकही चुकवायची नाही, भारतात सुट्टीवर यायचं असेल तरी. वजन उतरायला लागलं, पाठ-पोट दुखायला लागलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच फोन करायचा, हे वहिनींनाही नीट सांगून ठेवा.